काळी रेघ कापायची की लाल, आक्का?

आक्का, तुमचा कॉम्प्युटर अजून चालू आहे. तो बंद करायची माझी हिंमत होत नाही. स्क्रीन काळी पडते, मी माउस हलवते, देवघराची ती दोन दारं पुन्हा समोर येतात आणि मी खुर्चीवरून उठते. वीज गेली की यूपीएस ओरडायला लागतो आणि मी गॅसवरचं सोडून दुकानात धावत येते. चार रेघा ओढल्या की सेव्ह करायची तुमची सवय मला माहीत आहे. शिवाय फाइलची प्रत मी पेनड्राइव्हवर ठेवली आहे, माझ्या फोनवर ठेवली आहे, यांच्या मेलवरही पाठवून ठेवली आहे. तरी धावते.

त्या दुपारी तुम्ही "जरा पाठ टेकते गं" म्हणून आत गेलात. मी चहा घेऊन उठवायला आले. पुढचं मला लिहायचं नाही. एवढंच सांगते की कप माझ्या हातातून पडला नाही. मी तो नीट स्टुलावर ठेवला, बशीनं झाकला आणि मग ओरडले. तुम्ही हसला असता. "झाकलास कशाला, वसू? मी पिणार होते का?"

मी कशी आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. घर माणसांनी भरलं तेव्हा मी फ्रिजवर कामांची यादी लावली. डॉक्टरांचा दाखला, नांदेडला फोन, गुरुजी, सिलिंडर, तुमच्या पेन्शनचं बँकेत कळवणं. तुमचे भाऊ, म्हणजे आमचे हे, कोपऱ्यात भिंतीला टेकून बसले होते आणि मी पेन घेऊन फिरत होते. लोकांना मी कठोर वाटले असेन. पण थांबले असते तर काय झालं असतं ते मला माहीत होतं. एकेक काम झालं, काट मारली. एकच ओळ रोज नव्या कागदावर उतरत राहिली: पद्मागारूंची दारं.



त्या बाई पहिल्यांदा आल्या तो दिवस आठवतो ना? रिक्षातून उतरल्या आणि मागे रहमतभाई सुतार, जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी बाळासारखं छातीशी धरून. पद्मागारूंच्या आईचं सागवानी कपाट होतं. वाळवीनं सगळं खाल्लं, एका दाराचं लाकूड तेवढं वाचलं. रहमतभाईंनी ते चिरून, रंधा मारून दोन पातळ फळ्या काढल्या. नव्या घराच्या देवघराला त्यांची दारं करायची, आणि त्या दारांवर त्यांची आई दारात रोज घालायची तो मुग्गू, आपल्या भाषेत रांगोळी. मुग्गूचा फोटो त्यांच्या मोबाइलमध्ये होता. अर्धा पुसलेला, आईची पावलं वरून गेलेली.

"इत्ताच है, अम्मा," रहमतभाई तुम्हाला म्हणाले. "इसके बाद दूसरी फल्ली मांगे तो मैं किदर से लाऊँ?"

"मांगती नै," तुम्ही म्हणालात. "तुम बस कोने सीधे रखो, बाकी मैं देखती."

पद्मागारूंनी तेलुगूत विचारलं, नीट होईल ना, अक्कागारू? तुम्ही फळीवरून तळहात फिरवला आणि म्हणालात, "आत दिवा लावलात की तुमच्या अम्माचा मुग्गू बाहेर फरशीवर उमटेल." मी मागे उभी राहून मनात म्हटलं, कशाला असलं वचन देता हो गिऱ्हाइकाला. त्या मात्र तिथेच डोळे पुसायला लागल्या.

आता त्या वचनाची धनी मी झाले.

आपलं मूळ भांडण इथे लिहिते, म्हणजे मला भीती कशाची वाटत होती ते तुम्हाला कळेल. आपलं लेझरचं मशीन किरणानं जाळून कापतं. त्याला चित्र समजत नाही, फक्त रंग समजतो. एका रंगाची रेघ म्हणजे आरपार काप, दुसऱ्या रंगाची म्हणजे वरवर कोर. कोणता रंग कशासाठी हे माणसानं ठरवायचं. बाहेरची मुलं फाइल पाठवतात त्यात लाल म्हणजे काप असतो. तुमचं उलटं. काळी रेघ म्हणजे काप आणि लाल म्हणजे कोरणं.

"जन्मभर ड्रॉइंग ऑफिसात काळ्या शाईनं वस्तूची कड काढली," तुम्ही म्हणायचात. "काळं म्हणजे खरं. लाल शाई मापं लिहायला, खुणा करायला. लाल रेघेवर लोखंड कापलं असतं तर साहेबानं मला कापलं असतं."

"आक्का, आता शाई नाही. लोक लालच पाठवतात. एखाद्या दिवशी घोटाळा होईल."

"होऊ दे. तू फळ्यावर लिहून ठेव. तुला लिहायला आवडतं."

मी लिहूनही ठेवलं. दिलसुखनगरच्या त्या कोचिंग क्लासच्या पाट्या आठवतात? त्यांची फाइल लाल कापाची, आपलं मशीन तुमच्या शिरस्त्यावर, आणि चौकोन कापायच्या ऐवजी मशीन अक्षरंच कापत सुटलं. सगळी अक्षरं खाली जाळीत पडली आणि वर भोकांची पाटी. तुम्ही ती उजेडाकडे धरून म्हणालात, "वाचता येतंय की." त्या दिवशी मी तुमच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही.

आणि जाण्याच्या आदल्या दिवशी, चहा पिताना, काहीही विषय नसताना तुम्ही म्हणालात, "बरं बाई, वसू, घे. तुझंच खरं. आता लाल म्हणजे काप."

मी मान वर करून बघितलं. तुम्ही बशीतला चहा फुंकत होता. हसत होता की नाही, दिसलं नाही. मी विचारलंही नाही. मला वाटलं, जिंकले, आता जास्त बोलू नये. तेव्हा विचारायला हवं होतं, आक्का. नुसतं एवढंच, की कधीपासून?

कारण तुम्ही गेलात तेव्हा पद्मागारूंची दारं तुमच्या स्क्रीनवर होती. मुग्गूच्या ठिपक्यांभोवती पाकळ्या, मोठ्या आणि लहान. मोठ्या लाल, लहान काळ्या. मोठ्या आरपार आणि लहान कोरलेल्या, की उलटं? फाइल तुमच्या शिरस्त्याची की माझ्या? बाकी सगळं तुम्ही चोख करून ठेवलं होतं. तुटक्या रेघांची टोकं जुळवलेली, कुठे एकावर एक दोन रेघा बसलेल्या नाहीत. डोळ्याला ती एकच दिसते, मशीन मात्र दोनदा जाळतं, हे तुम्हीच मला शिकवलंत. मधले आकार आधी, कडेचे शेवटी, हा क्रमही लावलेला. फक्त रंगांचा अर्थ तुमच्याबरोबर गेला.

तुमच्या हयातीत मी या मशीनला कधी घाबरले नाही. गिऱ्हाईक, बिलं, माल, निरोप माझ्याकडे होते. चित्र तुमच्याकडे होतं. तुम्ही गेल्यावर मी मशीनवर सोलापुरी चादर टाकली, आणि मग त्या चादरीकडे बघवेना. पांघरूण घेऊन कुणी निजल्यासारखी दिसायची. दुपारीच काढून घडी केली. मग काचेचं झाकण दिसायला लागलं आणि त्यात माझं तोंड. हे म्हणाले, "विकून टाकू या वसुधा. सिकंदराबादला एक जण घ्यायला तयार आहे." मी म्हटलं, आधी पद्मागारूंची दारं. हे म्हणाले, "अगं, फळ्या परत दे त्यांना. आक्का गेली म्हटल्यावर कोण काय बोलणार?"

कुणीच काही बोललं नसतं, हे खरं आहे. पद्मागारू आल्या तेव्हा त्यांनीच ते सुचवलं. तुमच्या फोटोला हात जोडले, खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "परवालेदु, वसुधागारू. नाही झालं तरी चालेल. पंतुलुंनी, गुरुजींनी, गृहप्रवेशाचा मुहूर्त दिलाय, आम्ही बाजारातली तयार दारं लावू." त्यांचं मराठी तुमच्या तेलुगूइतकंच होतं, तोडकं आणि गोड. "फळ्या मी जपून ठेवीन."

मी विचारलं, आक्कांनी तुम्हाला सांगितलं होतं का, कोणत्या पाकळ्या उघड्या ठेवणार ते?

त्यांनी डोळे मिटून आठवायचा प्रयत्न केला. "त्यांनी फक्त दिव्याचं सांगितलं होतं."

त्या निघाल्या, तेव्हा चादरीत गुंडाळलेल्या फळ्या मी त्यांच्या हातात दिल्या. त्यांनी त्या छातीशी धरल्या. दारापर्यंत गेल्या. आणि मी, जी घाबरून ते काम सोडून द्यायला निघाले होते, तीच मी म्हणाले, "उद्या सकाळी या. फळ्या घेऊनच या." का म्हटलं, मला सांगता येणार नाही. तोंडातून निघून गेलं.

दुसऱ्या दिवशी त्या यायच्या आधी मी पुठ्ठा घेतला. फाइलच्या दोन प्रती केल्या, एक माझ्या शिरस्त्यानं, एक तुमच्या. म्हटलं, दोन्ही करून बघू, डोळ्याला कळेलच. पाण्याचा पंप चालू, धूर ओढणारा पंखा चालू, झाकण बंद. बटण दाबलं.

आधी माझा. लाल रेघा कापल्या गेल्या. मोठ्या पाकळ्या टपटप खाली पडल्या. पुठ्ठा खिडकीत धरला तर उजेड भरपूर आला. छान दिसत होतं, आक्का. खरंच छान. मला वाटलं, हेच. तुम्ही माझं ऐकलं होतं. आणि हे मनात येताच मला बरं वाटायच्या ऐवजी एकदम एकटं वाटलं. तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं आणि लगेच निघून गेलात, असं वाटलं.

तरी यादीत दुसरा पुठ्ठा होता, म्हणून तो लावला. काळ्या रेघा. मशीन फिरलं, थांबलं. झाकण उघडलं तर एकही पाकळी पडलेली नव्हती. सगळ्या लहान पाकळ्या जागच्या जागी. मी चिडले. वाटलं ताकद कमी पडली, भिंग मळलं असेल. भिंग पुसलं, पुन्हा पुठ्ठा घ्यायला हात पुढे केला आणि अंगठ्याचं नख सहज एका पाकळीला लागलं. टक् करून ती निघून आली.

टाका.

तुमचा टाका, आक्का. लहान तुकडा पूर्ण सुटला की उलटतो, उभा राहतो, भिंगाच्या तोंडाला अडकतो किंवा खाली पडून पेटतो. म्हणून लहान आकार कापायचे असले की रेघेत केसाएवढी जागा तुम्ही न कापता सोडायचात. शिलाईचा टाका असतो तसा, धरून ठेवायला. त्यावरूनसुद्धा आपण भांडलो होतो. कानातल्यांच्या ऑर्डरीत गिऱ्हाईक मला म्हणालं होतं, "मॅडम, पूरा कटा नै," आणि तुम्ही आतून ओरडला होतात, "नख है ना उंगली कू? ढकलो!"

टाका फक्त कापायच्या रेघेत असतो. कोरायच्या रेघेत टाका सोडायचं कारणच नाही. मी स्क्रीनवर काळी रेघ मोठी करून बघितली. प्रत्येक लहान पाकळीत एकेक फट. लाल रेघा अखंड. इतके दिवस त्याच चित्रासमोर बसत होते, पण पूर्ण चित्रच बघत होते. जवळ जायला भीत होते.

म्हणजे तुम्ही काहीही बदललं नव्हतं. "तुझंच खरं" म्हणालात, बशीतला चहा फुंकलात आणि आपल्या खुर्चीत येऊन काळ्या रेघाच काढत बसलात! मी मोठ्यानं हसले. तुम्ही गेल्यावर पहिल्यांदाच. हे आतून धावत आले आणि मला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला, कारण तोवर मी हसत नव्हते.

मग सगळ्या लहान पाकळ्या नखानं पाडल्या आणि पुठ्ठ्यामागे देवघरातली समई लावून ठेवली. दिवसाचा उजेड होता, पडदे ओढले. मोठ्या पाकळ्या उघड्या असत्या तर नुसते कवडसे पडले असते. लहान पाकळ्यांतून ठिपके पडले. फरशीवर ओळीनं ठिपके, मुग्गूला लागतात तसे. तुम्ही वचन दिलं तेव्हाच तुम्हाला हे दिसलं होतं, आणि मी मागे उभी राहून कुरकुरत होते.

पद्मागारू आणि रहमतभाई वेळेवर आले. पुठ्ठा पुठ्ठाच असतो, सागवान सागवान. ते पुन्हा मिळत नाही. एक फळी जाळीवर ठेवली, चारी कोपऱ्यांना लोहचुंबकं लावली. मशीनचा लाल ठिपका कडेकडेनं कोरडा फिरवला, न जाळता, फक्त जागा बघायला. बरोबर बसत होतं. पुन्हा फिरवला. पुन्हा. आता बटण दाबण्याखेरीज काही उरलं नव्हतं. आणि माझा हात उचलेना.

तेव्हा मला ते ओलं फडकं आठवलं.

कुठलाही मोठा काप असला की तुम्ही मला हाक मारायचात. मी बिलं करत असले, फोनवर असले, तरी. "वसू, ओलं फडकं घेऊन ये. इथं उभी राहा." मी चिडत यायचे. आग विझवायला बाटली आहे भिंतीवर, बटण आहे बंद करायचं, मी कशाला? "असू दे. उभी राहा." मी तुमच्या उजव्या हाताला फडकं धरून उभी राहायचे आणि मनात पुढच्या कामांची जुळणी करायचे. तुम्ही बटण दाबायचात. इतक्या वर्षांत ते फडकं एकदाही वापरावं लागलं नाही. मला वाटायचं, थोरल्या नणंदेची हुकूमत. दुसरं काही असेल असं मनात कधी आलं नाही. तुम्हालाही भीती वाटत असेल असं कुणाला वाटेल? तुम्ही तर साहेबांना गप्प करणाऱ्या.

विचारायचं राहून गेलं, आणि आता उत्तर मला माझ्याच हातांवरून कळत होतं.

मी मोरीतून फडकं भिजवून आणलं, पिळलं आणि पद्मागारूंना दिलं.

"आग लागते का?" त्या घाबरून म्हणाल्या.

"आजवर नाही."

"मग हे कशाला?"

"असू दे. तुम्ही इथं उभ्या राहा."

त्या माझ्या उजव्या हाताला येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला लागला. फडक्यातून पाणी ठिबकत होतं, त्यांच्या पायावर. रहमतभाई दाराशी पुटपुटले, "बिस्मिल्ला करो, बहन." मी दाबलं.

पहिली काळी रेघ लाकडात उतरली तेव्हा पंखा चालू असूनही वास आला. जळक्या लाकडाचा, आणि त्याच्या मागून दुसरा, कापराचा, जुन्या रेशमाचा, कुलूपबंद वर्षांचा. पद्मागारूंनी माझं मनगट धरलं. "अम्मा बीरुवा वासना," त्या म्हणाल्या. आईच्या कपाटाचा वास. मशीन थांबेपर्यंत त्यांनी मनगट सोडलं नाही आणि मीही सोडवून घेतलं नाही. मग दुसरी फळी. मग दोघींनी मिळून नखानं पाकळ्या पाडल्या, एकेक. त्यांनी त्या सगळ्या पदरात गोळा करून नेल्या.

काल त्यांचा गृहप्रवेश झाला. त्यांनी फरशीचा फोटो पाठवला आहे. हे तो बघत बसले होते. सिकंदराबादच्या माणसाचा विषय आमच्याकडे पुन्हा निघालेला नाही.

भीती गेली असं सांगणार नाही. सकाळी शटर उघडते तेव्हा ती माझ्या आधी आत जाऊन बसलेली असते. फडकं रोज भिजवून ठेवते आणि मोठा काप असला की यांना हाक मारते. हे वर्तमानपत्र घेऊन येतात, कुरकुरत, आणि उभे राहतात.

रंगांचं मात्र अजून ठरलेलं नाही. तुम्ही गेलात म्हणून मी जिंकले, असं होत नाही. आज नव्या कामाची पहिली फाइल मी स्वतः काढायला घेतली. कापायच्या रेघा काळ्या केल्या. मला ते पटलेलं नाही, हे फळ्यावर लिहून ठेवलं आहे.